रविवारचा रंगीत कोंबडा

आमच्या घरात दोन म्हातारी माणसं प्रिंटरवरून भांडतात, हे मी बाहेर कुणाला सांगत नाही. लोक जमिनीवरून भांडतात, सुनेवरून भांडतात, रिमोटवरून भांडतात. आमचं भांडण लेझर की इंकजेट यावर. तेही अशा घरात, जिथे छापण्यासारखं काही उरलेलं नाही. लाइटचं बिल मोबाइलवर येतं, लग्नाची पत्रिकासुद्धा मोबाइलवरच येते. तरी खिडकीखालच्या टेबलावर तो काळा खोका बसलेला असतो आणि दर रविवारी सकाळी त्यातून एक कोंबडा बाहेर पडतो.

कोंबडा म्हणजे चित्र. लालभडक तुरा, पिवळी चोच, निळी शेपटी, काळे पाय. माझ्या नातीने पहिलीत असताना ते शोधून माझ्या मोबाइलवर ठेवलं होतं, कारण त्यात प्रिंटरच्या चारही बाटल्यांमधले रंग येतात. इंकजेट वापरला नाही की आतल्या आत शाई वाळते आणि बारीक छिद्रं बुजतात, म्हणून आठवड्याला एक तरी रंगीत पान काढायचं असतं. "आजी, याला रविवारी जेवायला घालायचं. विसरायचं नाही," असं तिने मला बजावलं होतं. मी विसरले नाही. आमच्या स्वयंपाकघरात डब्यांखाली, फळ्यांवर, सगळीकडे कोंबडेच अंथरलेले आहेत. नवरा म्हणतो, रविवारी लोकांच्या घरात कोंबडी शिजते, आमच्या घरात कोंबडा छापतात.

समोर मी नवऱ्याला अहो-जाहोच करते, पण इथे 'तो' म्हणणार आहे. एवढी वर्षं संसार केल्यावर तेवढी सूट मिळायला हवी. विक्रोळीच्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेला माणूस. कुठलंही यंत्र दिसलं की त्याला आधी खर्च दिसतो. मूळचे आम्ही मालवणकडचे, आणि चिडला की त्याची भाषा अजून तिकडेच जाते.

"अगो, आठवड्याक एक पान काढतंस, आणि ता पण कोंबड्याचा," तो म्हणायचा. "लेझर घेवया. पावडर ती, वाळणा नाय."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. लेझरमध्ये ओली शाई नसतेच, कोरडी पावडर असते. सहा महिने झाकून ठेवा, सातव्या महिन्यात बटण दाबा, पहिलं पान जसंच्या तसं. आमचा बाटल्यांचा इंकजेट रोज वापरला तर लेझरहून स्वस्त पडतो, पण पडून राहिला की महाग. थोडं जरी बुजलं तरी साफ करायला तो स्वतःच शाई पितो, आणि ती कागदावर न येता पोटातल्या कापसात जाऊन बसते. मीही ऑफिसात टायपिस्ट होते, रिबन आणि कार्बन पुरवून वापरण्यात माझा हात कुणी धरला नसता. मला हे सगळं कळत होतं. तरी मी म्हणायचे, लेझर घरात येणार नाही. नाही म्हणजे नाही.

तो खोका आणला तेव्हा आमच्या वन रूम किचनमध्ये पाच माणसं कोंडलेली होती. बाहेर लॉकडाउन. मुलगा पलंगावर बसून ऑफिस करायचा, सून ओट्याच्या कडेला लॅपटॉप ठेवून, आणि नात जमिनीवर मोबाइल धरून शाळा. शाळा रोज मोबाइलवर पानं पाठवायची: हे छापा, हे रंगवा, हे कापून चिकटवा. खाली झेरॉक्सवाल्याचं शटर बंद. पोरगी रडकुंडीला आली तेव्हा सुनेने ठरवलं, प्रिंटर घ्यायचा.

आणि तो घ्यायचा कसा, हे तिने आम्हाला समोर बसवून समजावलं. ती हिशोबाची पक्की. कार्ट्रिजवाला साधा इंकजेट घ्यायला स्वस्त, पण त्याची शाईची डबी इवलीशी, दोन-तीन डब्या बदलल्या की तेवढ्यात नवा प्रिंटर येईल. लेझर घ्यायला महाग, पान स्वस्त, पण नुसतं काळं. रंगीत लेझर आपल्या ऐपतीबाहेरचा. राहिला बाटल्यांमधून शाई ओतायचा इंकजेट. घ्यायला जरा जड, पण एकदा बाटल्या ओतल्या की महिनोन्‌महिने बघायला नको.

"फक्त सारखा वापरायला हवा, बाबा," ती सासऱ्याला म्हणाली. "ते काय, आपल्याकडे होईलच."

झालंही. काय काय छापलं नाही त्या घरात! फुलपाखरं, वाहतुकीचे नियम, फळांची नावं, मुखवटे. बाटल्या ओतायचं काम आजोबा आणि नातीचं. गुलाबी शाईचे दोन थेंब टेबलाखालच्या पांढऱ्या लादीवर सांडले. मी लिंबू लावलं, सोडा लावला, शेवटी ॲसिडही टाकलं, डाग काही गेला नाही. तेव्हा मी दोघांना इतकं बोलले होते, की पोरगी पलंगाखाली जाऊन बसली. आज लादी पुसताना तिथे माझा हात हळू होतो.

प्रिंटरला झोपवायचं हेही तिनेच शिकवलं. तिने कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं, की भिंतीवरचं बटण एकदम बंद केलं तर आतलं शाईचं डोकं उघडंच राहतं आणि वाळतं. आधी प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबायचं. मग तो खर्र खट्ट करत डोकं कोपऱ्यात नेतो, त्यावर झाकण बसवतो, दिवा विझतो. त्यानंतर भिंतीवरचं. "आधी त्याला झोपू दे, मग लाइट," ती सांगायची. मी ऐकायचे. माझ्या नवऱ्याला मात्र जन्माची सवय, उठला की भिंतीवरची सगळी बटणं खटाखट बंद. टीव्ही असो, मिक्सर असो, प्रिंटर असो. कितीदा सांगितलं, तेवढ्यापुरता मान हलवायचा.

मग घर मोडलं. मुलाचं आणि सुनेचं पटलं नाही एवढंच मी सांगेन. कुणाचं चुकलं ते मला माहीत आहे, आणि चुकणारा माझ्या पोटचा आहे, म्हणून जास्त बोलत नाही. नात तिसरीत असताना सून तिला घेऊन माहेरी गेली, बोरिवलीला. जाताना माझ्या पाया पडली. मी तिला थांब म्हणाले नाही, कारण थांबून तिने काय करावं ते मलाच सांगता आलं नसतं. कोर्टाने मुलीला भेटायचे वार मुलाला ठरवून दिले. वर्षभर तो तिला त्या वारी आमच्याकडे आणायचा. मग त्याने हैदराबादला नोकरी धरली आणि त्याचे वार संपले. आजी-आजोबांना वेगळे वार नसतात. आमच्याकडे यायला नातीला काही कारणच उरलं नाही.

कारण होतं ते एकच. सुनेने बोरिवलीच्या घरात ऑफिसच्या कागदांसाठी लेझर घेतला होता, काळा. शाळेच्या प्रोजेक्टला रंग लागले की फोन यायचा.

"आजी, कलर प्रिंट काढायचंय. येऊ?"

येऊ काय विचारतेस, ये ना! मी शनिवारी सकाळी बाजारात जाऊन तिच्या आवडीची कोलंबी आणायचे. सून कॅबने तिला सोडायची आणि खालच्या खालीच परत जायची. वर कधी आली नाही. मी नातीच्या हाती कुळथाचं पीठ पाठवायचे, कारण सुनेला माझ्या हातची पिठी आवडायची. ते पीठ कधी परत आलं नाही. संध्याकाळपर्यंत पोरगी पानं काढायची, कापायची, बडबडायची, फळ्यांवरचे कोंबडे मोजायची. दीड-दोन महिन्यांतून एक शनिवार. तेवढ्यावर आम्ही दोघं जगत होतो, हे अतिशयोक्तीने लिहीत नाही.

आता कळलं ना, लेझर का नको? घरात रंग असला तर ती येणार. रंग गेला की संपलं.

गेल्या गणपतीला आम्ही नेहमीसारखे गावी निघालो. पिशव्या दारात, दुपारची बस. निघता निघता मी कोंबडा काढायला बसले, कारण आता बरेच दिवस घर बंद राहणार. पान अर्धं बाहेर आलेलं आणि नवऱ्याने दारातून हाळी दिली, "चल गो, गाडी चुकतली!" आणि घर बंद करताना करतो तसं त्याने मेन स्विच खाली ओढला. मी ते अर्धं पान ओढून काढलं, पिशव्या उचलल्या, धावले. पनवेलच्या पुढे मला आठवलं.

"अहो, प्रिंटर झोपवला नाही."

तो हसला. जसं काही माणूसच आहे, असं बोलतेस म्हणाला. गावी घराचे वासे बदलायचं काम निघालं आणि आम्ही महिनाभर अडकलो. गौरी आल्या, गेल्या, गणपतीतल्या म्हामद्याची जेवणं झाली, आणि मी रोज मनात त्या उघड्या डोक्याचा विचार करत होते. लोकांना हसू येईल, येऊ दे.

परत आल्यावर हातपाय न धुता मी कोंबडा काढला. तुरा पिवळा आला. लाल नाहीच. लाल होतो तो गुलाबी आणि पिवळी मिळून, आणि गुलाबी शाई पूर्ण बुजली होती. साफसफाईचं बटण दाबून दाबून बाटलीतली शाई तळाला गेली, तुरा पिवळाच. स्टेशनकडच्या दुकानदाराने बघून सांगितलं, हेड गेलंय, ते बदलायला जवळजवळ नव्या मशीनएवढा खर्च. "वापर कमी आहे ना काका? मग लेझर घ्या, निवांत राहा." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी दुकानातच ओरडले, "वापर कमी आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?" घरी येईपर्यंत मी नवऱ्याशी बोलले नाही, आणि नंतरही कामापुरतंच बोलले.

आणि त्याच आठवड्यात फोन. "आजी, प्रोजेक्ट आहे. भारतातले नाच. शनिवारी येऊ?"

ये म्हणाले. प्रिंटर बंद आहे हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. तिला म्हटलं, चित्रं मोबाइलवर पाठवून ठेव. शनिवारी सकाळी नवरा, मी काही न सांगता, माझा मोबाइल घेऊन खाली झेरॉक्सवाल्याकडे गेला आणि सगळी चित्रं रंगीत छापून आणली. वर येऊन त्याने ती प्रिंटरच्या पुढच्या ट्रेमध्ये नीट रचून ठेवली, जशी काही त्यातूनच आली. एक पान थोडं तिरकं केलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच आम्ही एकमेकांकडे बघून हसलो.

ती आली. उंच झालेली, केस कापलेले. चप्पल काढून सरळ टेबलापाशी गेली. पान उचललं, बोट फिरवलं, उजेडाकडे तिरकं धरलं.

"आजी, हे आपल्या प्रिंटरचं नाहीये."

"म्हणजे? आपलंच की."

"नाही गं. हे लेझरचं आहे. लेझरचं असं चमकतं." मग हळूच म्हणाली, "मला माहितेय. परवाच घरी आलाय ना. मम्मीने कलर लेझर घेतला."

मी खुर्चीवर बसले. नवरा तेवढ्यात बाजारातून येऊन दारातच उभा राहिला होता, हातात कोलंबीची पिशवी.

"कशाला घेतला?" मी विचारलं.

"माझ्यासाठी." तिचे डोळे भरले. "मम्मीने हिशोब केला. कॅबचे जायचे-यायचे किती, वेळ किती जातो, त्यापेक्षा घरीच बरं पडेल म्हणाली. सेल होता. मला सरप्राइज दिलं यार तिने. आजचं आधीच ठरलं होतं म्हणून जाऊन ये म्हणाली."

"मग बरंच झालं की," मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"काय बरं झालं? आजी, शाळेत प्रिंट लागतच नाहीत. कधीपासून नाही लागत. आम्ही सगळं अपलोड करतो."

मला समजायला वेळ लागला. फुलं, किल्ले, ग्रहमाला, नद्यांचे नकाशे, दोन वर्षं इथे बसून छापलेली, कापलेली. "मग ती सगळी पानं?"

"माझ्या कपाटात आहेत."

"अगं पण मग आईला सरळ सांगायचं, आजीकडे जायचंय म्हणून. नाही म्हणाली असती का ती?"

"नाही म्हणत ती. पण रडते. नुसतं तुमच्याकडे यायचं म्हटलं की बाथरूममध्ये जाऊन रडते. प्रोजेक्टचं काम आहे सांगितलं की नाही रडत. नॉर्मल असते." मग माझ्या मांडीत तोंड खुपसून ती म्हणाली, "मी खोटं बोलले म्हणून तिने प्रिंटर घेतला. माझीच वाट लागली."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आम्ही इकडे रंग सांभाळत होतो, ती तिकडे कारणं सांभाळत होती, आणि सुनेने तर चांगुलपणानेच सगळं उडवून टाकलं. राग कुणावर काढायचा तेच कळेना. नवरा कोलंबी घेऊन आत ओट्यापाशी गेला तो बराच वेळ बाहेर आलाच नाही. त्या दिवशी आम्ही तिघांनी ते नाच नीट कापून, चिकटवून, खाली नावं लिहून प्रोजेक्ट पूर्ण केलं. कुणालाच नको असलेलं.

संध्याकाळी कॅब आली तेव्हा मी कुळथाचं पीठ घेऊन स्वतः खाली उतरले. सून गेटपाशी उभी होती. कानाजवळ केस पांढरे झालेत तिचे. मी पोरीचं गुपित फोडलं नाही. एवढंच म्हटलं, "काही काम नसलं तरी पाठव गं तिला. अशीच. आणि तूही ये."

"हो आई," ती म्हणाली. अजून आई म्हणते. पिशवी तिने छातीशी धरली. "बघते."

बघते. त्या शब्दाला काय अर्थ असतो ते मला समजतं, मीही आयुष्यभर लोकांना तेच सांगत आले. पण तिच्यावर चिडायला माझ्याकडे काही नव्हतं.

त्यानंतर नात आलेली नाही. फोन येतो. परीक्षा, मग शनिवारचा क्लास, मग सर्दी. बोलते छान, आजोबांना चिडवते. येऊ का, असं विचारत नाही. मीही आता कोलंबी आणत नाही.

लेझरचा विषय नवऱ्याने त्या दिवसापासून काढला नाही. परवा मात्र त्याने तो काळा खोका चादरीत गुंडाळला आणि काही न बोलता रिक्षाने घेऊन गेला. मला वाटलं, विकला. मीही अडवलं नाही. अडवायचं तरी कशासाठी? संध्याकाळी तो खोका घेऊन परत आला. नवीन हेड टाकून. दुकानदाराने म्हणे दोन-दोनदा विचारलं, काका, नक्की ना, एवढ्यात नवीन येईल. जन्मभर यंत्राचं खाणं मोजणारा हा माणूस, आणि ज्या घरात कुणी काही छापत नाही तिथे रंगासाठी एवढे पैसे घालून आला. मी विचारलं, कशाला? तो शाईच्या बाटलीचं बूच काढत होता. वर न बघता म्हणाला, "ती येतली गो कधीतरी. तेव्हा वाळलेलो दिसाक नको."

रविवार नव्हता, तरी आम्ही कोंबडा काढला. तुरा लाल आला, पहिल्यासारखा. दोघांनी मिळून पान धरलं आणि मी रडले, अगदी आवाज करून रडले, शेजारी ऐकू जाईल इतकं. त्याने मला रडू दिलं. मग मी डोळे पुसून उठले आणि वैतागून भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

त्याने माझं मनगट धरलं.

"रव गो," तो म्हणाला. "आधी तेका झोपांदे."

त्याने प्रिंटरचं बटण दाबलं. आत खर्र झालं, खट्ट झालं, झाकण बसलं. दिवा विझेपर्यंत तो तिथेच वाकून उभा राहिला.